कौन्सिलच्या बिलावर भांडताना

इंग्लंडमधल्या कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेला, आपली माणसं तक्रारीचं पत्र लिहितात, त्याचा सूर बहुतेकदा ठरलेला असतो. आईने पस्तीस वर्षं नोकरी केली, कर वेळच्या वेळी भरला, कधी कोणापुढे हात पसरला नाही, आणि आता म्हातारपणी तिच्याच बचतीतून केअर होमचे पैसे वसूल करता, हा कुठला न्याय? पत्र चार पानांचं असतं, मनापासून लिहिलेलं असतं, त्यात एक अक्षर खोटं नसतं. तरी त्याचा उपयोग जवळपास शून्य. केअरचे पैसे घ्यावेत की नाही, हा वाद २०१४च्या केअर ॲक्टने संपवून टाकला आहे. त्या कायद्याच्या चौदाव्या कलमाने कौन्सिलला आकारणीचा अधिकार दिला. तो अन्याय वाटत असेल तर आपल्या एमपीला गाठायचं. ओम्बड्समनच्या, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या तिकडच्या लोकायुक्ताच्या, दारात ते पत्र वाचलं जातं, हळहळही वाटत असेल, पण हाती काही लागत नाही.

हे दार म्हणजे लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन. १९७४च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टने ही यंत्रणा उभी राहिली, २०१०पासून खाजगी केअर होम आणि केअर एजन्सीही तिच्या कक्षेत आल्या, आणि आजचं लांबलचक नाव २०१७मध्ये मिळालं. कार्यालय कॉव्हेंट्रीत. फी नाही, वकील लागत नाही. अधिकार फक्त इंग्लंडपुरता. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांची आपापली वेगळी कार्यालयं आहेत, त्यामुळे ग्लासगोच्या मावशीचं प्रकरण इकडे पाठवून महिना फुकट घालवू नये. लोकायुक्त म्हटलं की आपल्याला लाचलुचपत आठवते. इथे तसलं काही घडलेलं असावं लागत नाही. पाठवायचं राहून गेलेलं पत्र, चुकीची बेरीज, कोणीच न सांगितलेला पर्याय, एवढं पुरतं.

ओम्बड्समन बघतो ते दोनच गोष्टी. कौन्सिलच्या कामाच्या पद्धतीत चूक झाली का, आणि त्या चुकीमुळे तुमचं नक्की काय बिघडलं. दोन्ही लागतात. चूक आहे पण नुकसान नाही, तर प्रकरण तिथेच थांबतं. नुकसान आहे पण चूक नाही, तरीही थांबतं. ‘निर्णय पटला नाही’ ही चूक धरत नाहीत. सोशल वर्करने घरी येऊन पाहिलं, सगळी माहिती विचारात घेतली, कारणं लिहून दिली आणि दिवसाला चारऐवजी तीनच भेटी मंजूर केल्या, तर ओम्बड्समन त्या जागी स्वतःचा आकडा घालणार नाही. तेच तिने आईला न भेटता फोनवर उरकलं असेल, किंवा रात्री दोनदा उठावं लागतं हे जीपीचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं, पत्र फायलीत असूनही निर्णयात त्याचा उल्लेखच नसेल, तर बोट ठेवायला जागा मिळाली. तक्रारीचा जीव त्या जागेत असतो. वर्षानुवर्षांची कृतज्ञता आणि कृतघ्नता बाजूला ठेवून ती जागा शोधायची.

ती सापडते कागदांत, आणि पहिला कागद म्हणजे फायनान्शिअल असेसमेंटचा, तुम्ही किती भरायचं ते ठरवणाऱ्या आर्थिक तपासणीचा, हिशोब. निकाल कळवणारं पत्र वेगळं. त्यात फक्त ‘तुमचा वाटा आठवड्याला इतके पौंड’ असं असतं. आकडा कसा काढला याचा ओळीओळीचा तक्ता मागायचा. तो लेखी देणं कौन्सिलचं काम आहे. दिला नाही, तर तीच पहिली चूक.

तक्ता हातात आला की आधी भांडवलाची, म्हणजे बचत आणि मालमत्तेची, ओळ बघायची. सध्याची वरची मर्यादा २३,२५० पौंड आणि खालची १४,२५०. हे आकडे २०१०पासून जागचे हललेले नाहीत. मधल्या काळात केअर होमचे दर कुठल्या कुठे गेले. वरच्या मर्यादेहून जास्त असेल तर पूर्ण फी स्वतःची. खालच्या मर्यादेच्या आत असेल तर भांडवलाला हात लावत नाहीत, फक्त उत्पन्नातून घेतात. मधल्या पट्ट्यात मात्र एक मजेशीर नियम लागतो: १४,२५०च्या वरच्या दर २५० पौंडांमागे, आणि शेवटच्या अर्धवट तुकड्यामागेही, आठवड्याला १ पौंड उत्पन्न आहे असं मानायचं. वर्षाचा हिशोब केला तर हे वीस टक्क्यांहून जास्त व्याज झालं. असं व्याज देणारी बँक कौन्सिलला माहीत असेल तर तिने पत्ता सांगावा. पण नियम आहे, आणि त्यावर तक्रार चालत नाही.

तक्रार चालते ती अशा ठिकाणी. समजा, आई-वडिलांचं जॉइंट खातं आहे आणि त्यात ३७,२०० पौंड आहेत. वडील केअर होममध्ये गेले. मालकी वेगळी असल्याचा पुरावा नसेल तर जॉइंट खात्याचे समान भाग धरायचे असतात, म्हणजे वडिलांचे १८,६००. त्यातून १४,२५० वजा केले की उरले ४,३५०. त्याला २५०ने भागलं की १७.४, म्हणजे १८. आठवड्याला १८ पौंडांचं मानीव उत्पन्न, आणि वडील कौन्सिलच्या मदतीला पात्र. आता घाईत असलेल्या कोणी पूर्ण ३७,२०० वडिलांच्या नावावर धरले, तर ते वरच्या मर्यादेच्या कितीतरी वर जातात आणि सगळी फी घरच्यांवर येते. एका भागाकाराचा फरक, पण आठवड्याला कित्येक शे पौंडांचा. अशी तक्रार अर्ध्या पानात मावते आणि तिला उत्तर देताना कौन्सिलला पळवाट राहत नाही.

याच तक्त्यात आणखी दोन ओळी हमखास राहून जातात. केअर होममध्ये असलेल्या माणसाची कंपनीची किंवा खाजगी पेन्शन असेल आणि त्यातला अर्धा भाग तो घरी राहणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला देत असेल, तर तो अर्धा भाग हिशोबातून वगळायचा असतो. सरकारी स्टेट पेन्शनला हे लागू नाही. दुसरं, कौन्सिलला जोडप्याची एकत्र तपासणी करण्याचा अधिकारच नाही. फॉर्मवर नवऱ्याच्या उत्पन्नाचे रकाने दिसले की आपली माणसं इमानेइतबारे भरून देतात. ते पैसे बायकोच्या आकारणीत आले का, हे मग कोणी बघत नाही. सगळी वजावट झाल्यावर होममध्ये राहणाऱ्याच्या हातात वैयक्तिक खर्चासाठी ठरावीक रक्कम राहायलाच हवी. २०२५-२६मध्ये ती आठवड्याला ३०.६५ पौंड होती. साबण, केस कापणं, नातवाला वाढदिवसाचं पाकीट, सगळं त्यातच.

घरी राहून केअर घेणाऱ्याचा हिशोब निराळा. राहत्या घराची किंमत मुळीच धरत नाहीत, आणि हातात राहायला हवी ती रक्कम बरीच मोठी असते: पेन्शनच्या वयाच्या एकट्या माणसासाठी २०२५-२६मध्ये आठवड्याला किमान २३२.६० पौंड. इथे चुका होतात त्या आजारपणामुळे वाढलेल्या खर्चाच्या वजावटीत. अटेंडन्स अलाउन्ससारखा भत्ता कौन्सिल उत्पन्नात मोजते, तेव्हा त्या आजारपणाचा जादा खर्च वजा करणं तिच्यावर बंधनकारक होतं. रोज धुवाव्या लागणाऱ्या चादरींची वीज, पॅड्स, दिवसभर चालू ठेवावं लागणारं हीटिंग, गळ्यातल्या अलार्मचं मासिक भाडं, हिरवळ कापणाऱ्याचे पैसे, हे त्यात येऊ शकतं. बऱ्याच कौन्सिल सरसकट एक छोटा आकडा लावून मोकळ्या होतात. सोयीसाठी तसा आकडा ठेवायला हरकत नाही. पण कोणी पावत्या पुढे केल्या आणि उत्तर आलं की ‘आमच्या धोरणात बागकाम बसत नाही’, तर ती चूक आहे. धोरणाच्या आड लपून त्या माणसाची परिस्थिती न बघणं, याला इंग्रजी प्रशासनात फार जुनी नापसंती आहे. २०२०च्या डिसेंबरमध्ये हायकोर्टाने नॉरफोक काउंटी कौन्सिलचं आकारणी धोरण तीव्र अपंगत्व असलेल्यांशी भेदभाव करणारं ठरवलं, त्यानंतर अशा तक्त्यांकडे अधिक काळजीने पाहायला हवं होतं. सगळीकडे तसं झालेलं दिसत नाही.

आता घराचा विषय, कारण तिथे आपल्या कुटुंबांची ठेवण आडवी येते. होममध्ये कायमचं गेलेल्या माणसाचं घर पहिले १२ आठवडे धरत नाहीत. नवरा किंवा बायको तिथे राहत असेल तर पुढेही नाही. साठीच्या पुढचा नातेवाईक, अपंग नातेवाईक किंवा त्या माणसाचं स्वतःचं अठराच्या आतलं मूल आधीपासून तिथे राहत असेल तरीही नाही. पण हॅरोमध्ये आईच्या नावावरच्या घरात मुलगा, सून आणि नातवंडं राहतात, मुलगा पन्नाशीचा आहे, तर आपोआप सूट मिळत नाही. मिळू शकते ती कौन्सिलच्या मर्जीने, विशेषतः मुलाने स्वतःचं घर सोडून आईच्या सेवेसाठी तिथे मुक्काम हलवला असेल तर. आणि ‘मर्जी’ म्हणजे लहर नव्हे. मागणी आली की विचार करावा लागतो आणि नकाराची कारणं लिहावी लागतात. ‘तुम्ही साठीचे नाही’ एवढंच उत्तर आलं, तर विचारच झालेला नाही असं म्हणता येतं.

भारतातल्या मालमत्तेबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक, कौन्सिलला काय कळणार. दुसरा, ठाण्याच्या फ्लॅटची आजची किंमत जशीच्या तशी धरली जाणार. परदेशातली मालमत्ता सांगावीच लागते. पैसा इकडे आणता येत असेल तर तिथलं मूल्य विचारात घेतात. देशाच्या नियमांमुळे आणता येत नसेल, तर तसा पुरावा द्यायचा, आणि मग ब्रिटनमध्ये कोणी खुशीने ती विकत घ्यायला तयार झाला तर काय देईल, ते मूल्य धरतात. कोल्हापुरातल्या वाड्यात चार भावांचा अविभाजित हिस्सा, एक भाऊ तिथे राहतोय, सातबारावर अजून आजोबांचं नाव, अशा चौथ्या हिश्श्याला बाजारात कोण काय देणार? पूर्ण वाड्याच्या किमतीचा सरळ चौथा भाग धरला असेल तर तो मान्य करायची गरज नाही. मूल्यांकन कशावरून केलं ते विचारायचं.

आणि लग्नातलं सोनं, मुलाला फ्लॅटसाठी दिलेले पैसे. कौन्सिल म्हणते, केअरची फी चुकवायला तुम्ही पैसे वाटले, म्हणून ते अजून तुमच्याकडेच आहेत असं आम्ही धरू. तसं धरण्याचा अधिकार तिला आहे, पण त्याआधी दोन गोष्टी तपासायला लागतात. पैसे दिले तेव्हा केअरची गरज पडेल असं वाटण्यासारखी परिस्थिती होती का, आणि फी टाळणं हा देण्यामागचा महत्त्वाचा हेतू होता का. ‘सात वर्षं झाली की सुटलो’ हा नियम वारसा कराचा आहे, इथे त्याचा संबंध नाही. तो ना आपल्या बाजूने चालतो, ना कौन्सिलच्या. ठणठणीत असताना मुलीच्या लग्नात खर्च केला आणि तीन वर्षांनी अचानक स्ट्रोक आला, तर लग्नाची पत्रिका, हॉलची पावती, स्ट्रोकची तारीख, एवढे कागद पुरेसे बोलके असतात. निर्णयपत्रात हेतूविषयी एक ओळही नसेल, फक्त तारखा आणि रकमा असतील, तर तक्रार तिथून सुरू करावी.

पण सगळ्यांत जास्त कुटुंबं जिथे अडकतात ती जागा म्हणजे टॉप-अप. कौन्सिल एखाद्याच्या केअरची गरज ठरवते आणि ती भागवायला आठवड्याला किती पैसे लागतील तो आकडा काढते. त्याला पर्सनल बजेट म्हणतात. त्या बजेटात बसणारं, जागा रिकामी असलेलं, गरजा भागवणारं निदान एक होम कौन्सिलने दाखवायलाच हवं. ते असूनही कुटुंबाने महागडं निवडलं, तर वरचा फरक, म्हणजे टॉप-अप, राहणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी, बहुधा घरच्यांनी, भरायचा. राहणाऱ्याने स्वतःच्या पैशांतून तो भरणं काही अपवाद सोडले तर चालत नाही. भरणाऱ्याशी लेखी करार व्हायला हवा: रक्कम किती, कधी वाढू शकते, भरणं थांबलं तर काय होईल.

प्रत्यक्षात होतं ते असं. शुक्रवारी दुपारी हॉस्पिटल म्हणतं, बेड रिकामा करा. सोशल वर्कर फोनवर तीन होमची नावं सांगते. दोन भरलेली, तिसऱ्यात जागा आहे पण आठवड्याला १५० पौंड जास्त. मुलगी म्हणते, ठीक आहे, बघू. सोमवारी होमचा मॅनेजर तिच्यापुढे स्वतःचा कागद ठेवतो आणि ती सही करते. कौन्सिलचा करार कुठेच नाही. वर्षभरात ते ७,८०० पौंड होतात, आणि भरताना मुलीची समजूत असते की हे आपणच कबूल केलं. कायद्याने पाहिलं तर तिच्यापुढे निवड कधी आलीच नव्हती. बजेटात बसणारी जागा उपलब्ध नसेल, तर बजेट वाढवणं कौन्सिलचं काम होतं. होमने परस्पर पैसे मागितले हा बचावही टिकत नाही; कौन्सिलने काम बाहेर दिलं तरी जबाबदारी तिचीच राहते, आणि ओम्बड्समन खाजगी होमची चूक कौन्सिलच्या खात्यावर मांडतो. अशा प्रकरणात भरलेला टॉप-अप परत मिळण्याची शक्यता खरीखुरी असते. एकच प्रश्न लेखी विचारायचा: अमुक तारखेला, माझ्या आईच्या बजेटात बसणारं, जागा असलेलं कोणतं होम तुम्ही आम्हाला देऊ केलंत? नाव कळवा. पुष्कळदा याला उत्तर येत नाही.

याला जोडून भाषेचा मुद्दा येतो. डिमेन्शियात मागाहून शिकलेली इंग्रजी आधी जाऊ शकते आणि मराठी उरते. मग भूक, दुखणं, लघवीला लागणं, सगळं मराठीत. ज्या होममध्ये मराठी नाही तर निदान हिंदी-गुजराती बोलणारा कर्मचारी आणि शाकाहारी स्वयंपाक आहे, ते बहुधा महाग पडतं. कुटुंब याला ‘आमची आवड’ म्हणून टॉप-अप भरतं. असेसमेंटच्या वेळीच हे गरज म्हणून लिहून घ्यायला हवं, कारण केअर प्लॅनमध्ये गरज म्हणून आलं की ती भागवण्याचा खर्च बजेटात मोजावा लागतो. प्लॅनचा मसुदा वाचायला मागावा आणि त्यात ‘फॅमिली प्रेफरन्स’ असा शब्द दिसला तर तिथेच हरकत घ्यावी. त्या दोन शब्दांची किंमत पुढे दर आठवड्याला मोजावी लागते.

घरी येणाऱ्या केअररच्या बिलांचं वेगळं. मंजूर भेट ३० मिनिटांची, बिलही ३० मिनिटांचं, पण केअरर ८ वाजून ५ मिनिटांनी आली आणि ८ वाजून १९ मिनिटांनी गेली. बहुतेक एजन्सी येण्याजाण्याची नोंद फोनवरून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठेवतात. ती नोंद मागायची आणि बिलाशेजारी ठेवायची. एखाद्या दिवसाचा फरक कोणी मनावर घेत नाही. चार आठवड्यांच्या सगळ्या भेटी एका तक्त्यात मांडल्या की बोलणं बदलतं. फ्रिजवर चिकटवलेल्या वहीत आपणही वेळ लिहीत गेलं तर उत्तम, कारण एजन्सी बदलली की नोंदी मिळवणं कटकटीचं होतं. हॉस्पिटलमधून आल्यावर पुन्हा हातीपायी उभं करण्यासाठी दिलेली रिएबलमेंटची मदत सहा आठवड्यांपर्यंत मोफत असते. मात्र हॉस्पिटलनंतरची प्रत्येक केअर त्यात मोडत नाही, आणि कोणती कधी संपून पैसे सुरू झाले हे वेळेवर लेखी सांगितलं नाही, अशी चूक वारंवार होते. मानसिक आजारामुळे सक्तीने हॉस्पिटलमध्ये ठेवलेल्या माणसाला सुटल्यावर मेंटल हेल्थ ॲक्टच्या ११७व्या कलमाखाली जी आफ्टरकेअर मिळते, तिचे पैसे तर घेताच येत नाहीत. तरी बिलं निघतात.

तक्रार आधी कौन्सिलकडेच करायची. तिने उत्तर द्यायच्या आत ओम्बड्समनकडे गेलं तर ते परत पाठवतात. पत्रात तीन परिच्छेद पुरतात: काय घडलं, तारखांसह, काय घडायला हवं होतं, आता काय हवंय, रकमेसह. वर ‘फॉर्मल कम्प्लेंट’ असे शब्द टाकावेत, नाहीतर ती विचारपूस समजून सोशल वर्करच्या इनबॉक्समध्ये विरून जाते. प्रौढांच्या सोशल केअरला २००९चे वेगळे नियम लागतात: तीन कामाच्या दिवसांत पोच यायला हवी, पुढच्या उत्तराला काटेकोर मुदत नाही. साधारण १२ आठवडे वाट पाहून उत्तर नसेल तर ओम्बड्समनचं दार उघडं समजावं. बाकी सेवांसाठी २०२४च्या फेब्रुवारीत आलेल्या ओम्बड्समनच्या तक्रार-संहितेत पहिल्या टप्प्याला १० आणि दुसऱ्याला २० कामाचे दिवस आहेत.

एक मुदत मात्र कधीच विसरायची नाही. गोष्ट कळल्यापासून १२ महिन्यांत ओम्बड्समनकडे जायला हवं. ‘आम्ही चौकशी करतोय’ असं सांगत कौन्सिलने दहा महिने काढले, तर घड्याळ तिच्यासाठी थांबलेलं नसतं. उशिराला सबळ कारण असेल तर सूट देतात, पण त्यावर विसंबू नये. दरम्यान बिलांचं काय? जो भाग मान्य आहे तो भरत राहावा, वादातल्या रकमेची वसुली थांबवा असं लेखी मागावं. सगळंच भरणं थांबवलं तर थकबाकी वाढते, आणि प्रकरण कोर्टात गेलं की ओम्बड्समनचे हात बांधले जाऊ शकतात. याच काळात कौन्सिलकडून आईच्या फायलीची प्रतही मागून घ्यावी. डेटा संरक्षण कायद्याखाली ती फुकट मिळते, साधारण महिनाभरात. सोशल वर्करने फोननंतर टिपलेल्या दोन ओळी कधीकधी सगळ्या पत्रव्यवहारापेक्षा मोलाच्या ठरतात.

तक्रार कोणाच्या नावाने, हेही आधी ठरवावं. आई सही करू शकत असेल तर तिची संमती जोडायची. तिला समजण्याची क्षमता उरली नसेल तर योग्य व्यक्ती तिच्या वतीने करू शकते; लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे तिने आधीच करून ठेवलेलं कायदेशीर अधिकारपत्र, असेल तर प्रश्नच मिटतो. स्लाउचा मुलगा एक पत्र लिहितो, पुण्याची मुलगी दुसरं ईमेल करते, दोघांच्या तारखा जुळत नाहीत, असं झालं की चौकशी करणारा आधी तुमचाच घोळ निस्तरत बसतो.

दार चुकू नये म्हणून एवढं. कौन्सिल टॅक्स तुम्हाला लागू होतो की नाही, हा वाद व्हॅल्युएशन ट्रिब्युनलचा. पार्किंगचा दंड ट्रॅफिक पेनल्टी ट्रिब्युनलकडे, लंडनमध्ये लंडन ट्रिब्युनल्सकडे. कौन्सिलच्या घरातली गळती आणि बुरशी हाउसिंग ओम्बड्समनकडे. हॉस्पिटल किंवा जीपीबद्दलचं गाऱ्हाणं पार्लमेंटरी अँड हेल्थ सर्व्हिस ओम्बड्समनकडे; केअर आणि आरोग्य दोन्ही गुंतलं असेल तर दोघे मिळून चौकशी करू शकतात. मुलाच्या विशेष शिक्षणाच्या प्लॅनमध्ये काय लिहिलं यावर ट्रिब्युनल, पण तो प्लॅन २० आठवड्यांच्या मुदतीत आलाच नाही, तर हाच ओम्बड्समन. कचऱ्याचा डबा एकदा उचलला नाही म्हणून कोणी चौकशी करणार नाही; आजीला डबा ओढत नेता येत नाही म्हणून दारातून उचलण्याची सोय मंजूर असूनही तो महिनोन्महिने तिथेच राहतो, तर करतील. केअर होम आणि एजन्सींची तपासणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनला सगळे लिहितात, लिहावंही, पण ते एकेका माणसाची तक्रार सोडवत नाहीत.

ओम्बड्समनकडे गेल्यावर आधी चाळणी लागते, आणि बऱ्याच तक्रारी तिथेच थांबतात: लवकर आलेल्या, उशिरा आलेल्या, किंवा नुकसान फार किरकोळ असलेल्या. पुढे गेलेल्या प्रकरणात चौकशी अधिकारी दोन्ही बाजूंचे कागद मागवतो आणि मग निर्णयाचा मसुदा दोघांना पाठवतो. हा मसुदा तक्रारदार थकून नीट वाचत नाहीत. सगळ्या प्रक्रियेत तुमचं बोलणं खरं वजन धरतं ते इथे. तारखा तपासा, रकमा तपासा, आणि कौन्सिलने दिलेली माहिती चुकीची असेल तर कोणता कागद ती खोडतो ते क्रमांकासह लिहा. ‘मला हे मान्य नाही’ एवढ्याने मसुदा बदलत नाही, पण न पाहिलेला एक कागद पुढे आला तर बदलतो.

निकाल बाजूने लागला तर काय मिळतं, याबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवलेल्या बऱ्या. चुकीने घेतलेली रक्कम परत, असेसमेंट नव्याने, लेखी माफी, आणि मनस्तापासाठी काहीशे पौंड. कोर्टातल्यासारखी मोठी भरपाई नाही. त्याहून उपयोगी असतो निकालातला शेवटचा भाग: कौन्सिलने आपलं पत्र, धोरण किंवा प्रशिक्षण बदलावं, आणि याच चुकीत सापडलेली बाकीची कुटुंबं शोधून काढावीत. निकाल नावं काढून वेबसाइटवर येतो. तक्रार लिहिण्याआधी आपल्या कौन्सिलचं नाव आणि ‘टॉप-अप’ टाकून तिथे शोधलं, तर आपल्यासारखं प्रकरण सापडण्याची बरीच शक्यता असते. कौन्सिलला लिहिताना त्याचा क्रमांक द्यावा.

शिफारशी कायद्याने बंधनकारक नाहीत, तरी कौन्सिल त्या जवळपास नेहमीच पाळतात. नाकारल्या तर जाहीर अहवाल निघतो आणि तो कौन्सिललाच सभेपुढे ठेवावा लागतो, आणि ते कोणत्याच नगरसेवकाला नको असतं. प्रत्येक शिफारशीला मुदत असते, बहुधा महिना ते तीन महिने. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. परताव्याचे पैसे आले का, हे बँकेत बघावं आणि रक्कम स्वतः मोजावी, कारण कौन्सिल कधीकधी थकबाकीत वळते करून ‘दिले’ असं कळवते. मुदत टळली तर पुन्हा नवी तक्रार करायची नाही. जुन्याच क्रमांकावर ओम्बड्समनला दोन ओळी लिहायच्या, की ठरलेलं काम झालेलं नाही. कौन्सिलने कबूल केलेलं पाळलं का, हे बघणं त्यांच्याच कामात येतं.